अल्प आजाराने

बातमीदार लुटायाला बिननंबरच्या गाडीत घालून नेलं, त्या दिवसापासून मसाका शहरातल्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर बातम्या बंद होत्या. गाणी चालू होती आणि मृत्यूच्या सूचना. मेलेल्यांवर सरकारचा आक्षेप नव्हता.

सूचना नालुबेगा वाचायची. रेडिओने सांगितल्याखेरीज इकडे कुणी मेल्याचं लोक खरं धरत नाहीत. बातम्या लुटाया द्यायचा. सरोवराची वाळू कोण उपसतं, हे त्याने नावानिशी सांगून टाकलं होतं. तिच्या सूचनांतही तो नाक खुपसायचा. 'अल्प आजाराने' ऐकलं की स्टुडिओच्या काचेपलीकडून हातवारे करायचा, "ताई, कसला आजार? विचार की त्यांना." एका गावची घाण झालेली विहीर त्याला अशीच सापडली होती.

एका सकाळी पोलिसांचा साहेब, अफांदे, कागद घेऊन आला. "लुटाया. अल्प आजाराने."

नालुबेगा म्हणाली, "सूचना घरच्यांनी आणायची असते, अफांदे. नियम आहे."

"म्हणून तर घरच्यांना आणलंय. आम्ही नियमाने चालणारी माणसं."

दारात लुटायाची आई उभी होती.

"आई, मी हे वाचणार नाही. खरं काय ते सांगते."

"सांग. मग तो मिळेल मला?"

नालुबेगाने अफांदेकडे पाहिलं.

"वाचलंस तर दुपारी ताब्यात देतो म्हणालेत. केळीच्या बागेत, त्याच्या बापाशेजारी, खड्डा खणून ठेवलाय. तुझं खरं घेऊन मी काय त्या खड्ड्यात घालू, पोरी?"

"आवाज जरा दुःखी ठेवा," अफांदेने सुचवलं.

तिने माइक सुरू केला. आईचं नाव वाचलं, भावांची वाचली, कंपालाच्या आत्याचं वाचलं. 'अल्प आजाराने' म्हणून ती थांबली. नजर सवयीने काचेकडे गेली.

पलीकडून कुणी काही विचारलं नाही. तिने पुढचं वाचलं.

दुपारी तो आला. सालवस्त्रात, झाडाच्या सालीच्या कफनात, शिवलेला; शिवण उसवायची नाही, अशी ताकीद होती. आईने वरूनच हात फिरवला, डोकं कुठल्या बाजूला आहे ते चाचपलं, आणि तिथेच बसून राहिली.

मातीला गाव लोटलं. इकडे आलेला माणूस आधी 'कसा गेला' ते विचारतो, मग बसतो.

त्या दिवशी सगळे आले आणि बसले.