उसने दिलेले सात

प्रमिला कोठावदेच्या रक्तातले पांढरे पहारेकरी रोज सकाळी अंगणातल्या नळावर तोंड धुवायला बाहेर येत. ते अकरा होते. शेजारच्या ठाकऱ्यांचे निघाले की गल्ली भरून जाई. कोठावद्यांच्या घरात मात्र आजोबांपासून कुणाचा डझन कधी पुरा झाला नव्हता. डॉक्टरांनी एकदा अकराही जणांना ओळीत उभे करून मोजले होते. पांढऱ्या पेशी जन्मतःच कमी आहेत, पण कामाला चोख आहेत, काळजी नको, असे ते म्हणाले होते. फक्त यातला एकही कमी होऊ देऊ नका.

दादाच्या नोकरीची वैद्यकीय तपासणी आली, तेव्हा घरातली जुनी रीत निघाली. तपासणीपुरते एकाचे पहारेकरी दुसऱ्याने न्यायचे. पंधरा लागत होते, दादाकडे आठ होते. आईचे म्हातारे झालेले, ते मोजणीत धरत नसत.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," आई म्हणाली.

प्रमिलाने सात जणांना डबा बांधून दिला आणि बसमध्ये बसवले.

दादाला नोकरी लागली. आईही त्याच्या क्वार्टरवर राहायला गेली. पेढे आले, सात जण आले नाहीत. फोन केला की दादा सांगे, सहा महिन्यांनी फेरतपासणी आहे. नंतर सांगू लागला, त्यांना इथलं पाणी मानवलंय.

सोमवारी मेथी निवडताना प्रमिलाच्या अंगठ्यात काडी रुतली. दुपारपर्यंत नखाखाली एक माणूस राहायला आला. त्याने चूल मांडली, तसा अंगठा तापला. उरलेल्या चौघांपैकी दोघे घशाशी होते, एक कानाशी. चौथा झोपला होता. त्याला उठवून पाठवले. तो नखापर्यंत गेला आणि परतला नाही. बुधवारी तो माणूस सामानासह मनगटात आला. प्रमिलाने बस पकडली.

सातही जण क्वार्टरवरच होते. दोघे फाटकाशी, एक दादाच्या तान्ह्या मुलीचा पाळणा हलवत. सगळ्यांचे सदरे नवे होते. तिने एकेकाला नावाने हाक मारली. त्यांनी दादाकडे पाहिले.

"ते आता इथल्या हजेरीवर आहेत," दादा म्हणाला. "कागदावर तुझी सही आहे."

सही आईच्या अक्षरात होती. आई आत मटार सोलत होती. प्रमिलाने हात तिच्यापुढे धरला. मनगटातल्या माणसाने वाकून नमस्कार केला, तर आई सवयीने म्हणाली, "बसा."

मग प्रमिलाकडे न बघता म्हणाली, "तू लहानपणापासून कधी आजारी पडली नाहीस. म्हणून तर तुझे मागितले."

"त्यांच्यामुळेच पडले नाही, आई."

आईने शेवटची शेंग सोलली. लेकीला रिकाम्या हाती पाठवू नये म्हणून निघताना एक गाठोडे तिच्या हातात दिले.

प्रमिलाने बसमध्ये त्याची गाठ सोडली. आत सात जुने सदरे होते, धुतलेले, इस्त्री केलेले. तोवर तो माणूस कोपरापर्यंत पोचला होता. त्याने हात बाहेर काढला, वरचा सदरा खांद्याला लावून पाहिला आणि मागे वळून आणखी सहा जणांना हाक मारली.