चार अक्षरांचा मीन

मोठ्या काकांनी आईच्या शिलाई मशिनवरचा दिवा काढला, तेव्हाच मी ठरवलं, ह्यांना सोडायचं नाही. शिवणकामाचं दुकान त्यांचं, आई तिथे कामाला. "खिडकीतून ढीगभर उजेड येतो की," म्हणत त्यांनी बल्ब खिशात टाकला. संध्याकाळी दोरा ओवताना आई डोळे इतके बारीक करायची, की वाटायचं ती रडतेय. एकदा सुई बोटात घुसली. काका धावत आले आणि आधी कापडावर डाग पडला का ते बघितलं.

मग संधी आपल्या पायांनी चालत आली. काकांना दुकानाचं नाव इंग्रजीत हवं होतं. पाटीला लाकूड लागतं, म्हणून आईच्या खिडकीच्या काचेवरच. पेंटर अक्षरामागे पैसे घेणारा.

"काय गं शहाणे, काटकसरीला इंग्रजीत काय म्हणतात? गिऱ्हाइकाला कळू दे, इथे उधळपट्टी नाही."

आमचा नुकताच तो धडा झालेला. इकॉनॉमिकल, थ्रिफ्टी, फ्रूगल, मी लिहीत गेले. काका बोटांवर अक्षरं मोजत होते आणि त्यांचा चेहरा पडत होता.

"ह्याहून आखूड नाही?"

"आहे ना. मीन. एम, ई, ए, एन. चारच अक्षरं."

"अगं, माझी तर रासच मीन." काका खुलले. "अर्थ तोच ना?"

"एकाच धड्यातला आहे, काका."

खोटं कुठे बोलले? आईने मात्र मशिन थांबवलं. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा आवाज ओळखते. "काय चाललंय गं तुझं?"

"अभ्यास."

काचेवर लालभडक उमटलं, 'मीन टेलर'. आमच्या इंग्रजीच्या बाई कोट न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, हे तुम्ही स्वतः लिहून घेतलंत?"

"मग? शोभतंय ना?"

"अगदी. मीन म्हणजे चिक्कू. शिवाय कोत्या मनाचा."

बाकावरची दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. काका काचेवरच्या रंगाचे झाले. दुकान रिकामं झाल्यावर माझ्यावर धावून आले. "कार्टे, आता हे खरवडलं तर पेंटरचे पैसे पाण्यात."

"नका खरवडू. शब्द खोटा पाडा. आईच्या डोक्यावर दिवा लावा, लोकांना वाटेल, मालकाने गंमत केलीय. बल्ब तर तुमच्याकडे आहेच."

काकांनी ओठ हलवत हिशेब केला. मग कपाट उघडलं.

आता आई ताठ बसून शिवते, डोळे पूर्ण उघडे ठेवून. आणि अंधार पडला, की तिच्या दिव्याने काच आतून उजळते. समोरच्या फुटपाथवरूनसुद्धा ती चार अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

काकांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. मी कशाला सांगू?