माणसं दिसली पाहिजेत

“गुरुवारी तर आमच्या गावची मंडई आहे साहेब,” इश्वर गभणे फोनवर म्हणाला आणि थांबला.

पलीकडे औद्योगिक कार्यालयाचे भुरे साहेब होते. पुण्याची एक कंपनी जागा पाहायला येत होती. मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, अडचण असेल तर दिवस बदलून घेऊ, सोमवारी बोलवू, असं ते म्हणत होते. इश्वरने हातातला फडका बादलीत पिळला. ‘उद्योगासाठी राखीव’ अशी पाटी तो सकाळपासून पुसत होता, आणि पाटीवरचा गंज काही हटत नव्हता.

“नाही जी, गुरुवारीच येऊ द्या,” तो म्हणाला. “मंडई आहे म्हणूनच येऊ द्या. गाव कसं भरलेलं दिसन.”

इश्वर या रिकाम्या जागेचा चौकीदार. पवनीच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून असलेली ही जमीन गावाकडून घेतली तेव्हा त्याचा मुलगा सचिन शाळेत होता. घेतलेल्या जमिनीत इश्वरचीही धानाची एक बांधी होती. कारखाना येईल तेव्हा येईल, तोवर राखण करायला कोणी हवं म्हणून त्याला खाकी शर्ट मिळाला. आता सचिनची मुलगी गुड्डी शाळेत जायच्या वयाची झाली होती आणि तारेच्या कुंपणाआड अजून बाभळीच वाढत होत्या. राखण मात्र चोख होती. बाभूळ एकही चोरीला गेली नव्हती.

कंपन्या जागा कशी निवडतात हे इश्वरला कोणी शिकवलं नव्हतं. नकार ऐकून ऐकून जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. बिस्किटवाल्यांना रस्ता अरुंद वाटला, त्यांचा लांब ट्रेलर वळेना. रस्ता रुंद झाला तोवर त्यांनी दुसरीकडे भट्ट्या पेटवल्या होत्या. रंगवाल्यांना वैनगंगा फार जवळ वाटली, पूर येईल म्हणून. औषधवाल्यांना तीच वैनगंगा फार लांब वाटली, पाणी आणायचं कसं म्हणून. एका साहेबाने तर विचारलं होतं की आमच्या अधिकाऱ्यांच्या बायका संध्याकाळी जातील कुठे? या प्रश्नावर इश्वरने बरेच दिवस विचार केला. आपली बायको शकुंतलाबाई संध्याकाळी कुठे जाते हे त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

शेवटचे आले ते रोवणीच्या दिवसांत. सारं गाव धानाच्या चिखलात वाकलेलं. पाहुण्यांनी गाडीतूनच गावात एक चक्कर मारली. त्यांना दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं दिसलं. ‘इथे माणसंच दिसत नाहीत,’ असं म्हणून ते गेले. ते वाक्य इश्वरच्या मनाला फार लागलं होतं. या वेळी माणसं दिसली पाहिजेत, हे त्याने पक्कं ठरवलं होतं.

कारण या वेळची कंपनी गाड्यांच्या वायरी बनवणारी होती आणि सचिन चाकणला तेच काम करत होता. दिवाळीत तो येऊ शकला नव्हता. फोनवर एवढंच म्हणाला होता, “बाबा, ही कंपनी पक्की झाली तर मीच वापस येतो. नाही तर करुणाले आन गुड्डीले इकडे आनतो. खोली पाहून ठेवली आहे. असं किती दिवस राहाचं दोन ठिकाणी?”

गुड्डी रोज इश्वरच्या सायकलच्या दांड्यावर बसून फाटकापर्यंत यायची आणि कुलूप उघडायचा मान आपलाच समजायची. ती गेली तर घरात दोन म्हातारे उरणार. इश्वर हे कोणाला बोलून दाखवत नव्हता, पण पाटी पुसताना त्याच्या मनात तेवढंच होतं.

गुरुवारी पहाटे सचिन आला. रात्रभर बसमध्ये आखडलेला, पण मंडईला आला. दुपारी भुरे साहेबांबरोबर पुण्याची मंडळी उतरली. त्यातल्या तृप्ती मॅडम मुख्य होत्या. चाळिशीच्या, उन्हाची पर्वा न करता साऱ्या कुंपणाला फेरी मारणाऱ्या. नदीच्या पुराचं पाणी कुठवर येतं ते त्यांनी विचारलं, विजेची तार कुठून येणार ते पाहिलं, रस्त्यावर उभं राहून ट्रक कसा वळेल त्याचा अंदाज घेतला. मग भुरे साहेबांना म्हणाल्या, “जागा चांगली आहे हो तुमची.” इश्वरला वाटलं, आता झालं.

“गावात चला न मॅडम,” तो म्हणाला. “माणसं पाहा आमची.”

गावात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगाड्यांच्या ढिगांपुढे बायका, आकाशपाळण्यात किंचाळणारी पोरं, चौकात दंडार नाचणाऱ्यांचा ढोल, घराघरांत लेकी-जावई आणि त्यांचे सोयरे. शकुंतलाबाईने पाहुण्यांना अंगणात खुर्च्यांवर बसवलं आणि चिवडा, अनारसे, उकडलेले शिंगाडे पुढे ठेवले. पाहुणा मंडईच्या दिवशी उपाशी जातो म्हणजे काय?

“एवढी माणसं!” मॅडम हसून म्हणाल्या. “सुट्टी आहे का आज?”

“सुट्टी कायची जी, मंडई आहे. धान कापनं सोडून आले सारे.”

“आणि उद्या?”

“उद्या बाजूच्या गावची. परवा दिघोरीची, ते माही सासुरवाडी. आज ते आमच्याकडे आले, मंग आपल्याले जावंच लागते न. असं चालत राह्यते महिनाभर.”

“मग कामं?”

“कामं कुठं पळून जाते?” इश्वर म्हणाला, आणि अंगण हसलं. मॅडमही हसल्या. भुरे साहेब तेवढे घाम पुसत होते.

इश्वरला आता चेव चढला होता. त्याने सचिनला हाताला धरून पुढे आणलं. “हा माहा पोरगा. चाकणले वायरीच्याच कंपनीत आहे.”

मॅडम सावरून बसल्या. कोणत्या मशीनवर, किती जणांचा गट, चूक कशी पकडता, असं एकेक विचारू लागल्या. सचिन नीट उत्तरं देत होता. दाराआड त्याची बायको करुणा पदर तोंडात धरून ऐकत होती. अशी शिकलेली मुलं परत यायला तयार आहेत का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा तो पटकन म्हणाला, “मी तर उद्याच येतो मॅडम.”

“छान. आणि दिवाळीच्या गर्दीनंतर सुट्टी दिली तुम्हाला?”

सचिन खाली पाहू लागला. त्याच्याऐवजी इश्वर बोलला, अगदी अभिमानाने. “सुट्टी कोन देते जी! आजोबा वारले म्हणून सांगून आला. मंडई म्हटल्यावर याच लागते. दरवर्षी येते, एकही मंडई नाही चुकवली पठ्ठ्यानं.”

“आजोबा दरवर्षी वारतात?” मॅडमनी विचारलं, आणि अंगण पुन्हा हसलं. सर्वांत मोठ्याने इश्वर हसला. पोरगा गावाला विसरला नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मॅडमनी हातातला शिंगाडा बशीत ठेवला. मग त्या अंगणाबाहेरच्या गर्दीकडे पाहत राहिल्या. आल्या तेव्हाही त्या गर्दीच पाहत होत्या, पण आता चेहऱ्यावर हसू नव्हतं. निघताना त्यांनी शकुंतलाबाईला वाकून नमस्कार केला.

गाडी गेल्यावर सचिन म्हणाला, “बाबा, काहून सांगतलं ते?”

“काय सांगतलं? खरं तेच सांगतलं.”

“त्याईले रोज येनारी माणसं पाहिजे बाबा. आज आलेली नाही.”

इश्वरला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो अंगणातल्या खुर्च्या उचलू लागला. एकेक खुर्ची शेजाऱ्याची होती, पोचवून द्यायची होती.

पंधरवड्याने भुरे साहेबांचा फोन आला. रस्ता, पाणी, वीज, सगळं पसंत होतं म्हणे. कामावरच्या हजेरीची मात्र खात्री वाटली नाही. त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात जागा घेतली.

“माह्या बोलन्यानं गेली न साहेब?”

“नाही हो इश्वरजी. कंपन्या शंभर गोष्टी पाहतात.”

साहेब भला माणूस होता, म्हणून असं बोलला.

करुणा आणि गुड्डीला बसवून द्यायला इश्वर नागपूरपर्यंत गेला. करुणा सासऱ्याच्या पाया पडून म्हणाली, “मंडईले येऊ आमी मामाजी.”

“सुट्टी भेटली तरच या,” इश्वर म्हणाला. गुड्डी खिडकीशी बसली होती. तिने विचारलं, “आबाजी, कुलूप कोन उघडन मंग?” बस निघून गेल्यावरही तो तिथेच उभा होता, आणि एका हमालाने त्याला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

वर्ष सरलं. दिवाळी झाली. सचिनचा फोन आला, “यंदा नाही जमत बाबा.”

“नको येऊ,” इश्वर म्हणाला. “हजेरी लावजो बरोबर.” शकुंतलाबाईने डोळे पुसले आणि शिंगाडे मात्र दरवर्षीइतकेच आणले.

मंडईच्या दिवशी तिने पाहिलं तर नवरा खाकी शर्टाची बटणं लावत होता.

“आज कायले जाता? सारं गाव मंडईत आहे. दिघोरीहून माहा भाऊ येऊन राहिला, त्याले काय सांगू?”

“सांग, ड्युटीवर आहे म्हणून.”

“कोन्याची ड्युटी? तिथं चिटपाखरू नाही.”

“कोनी पाहाले आलं तर?” तो म्हणाला. “एक तरी माणूस जागेवर दिसला पाहिजे.”

सायकलचा दांडा फडक्याने पुसून तो निघाला. फाटकाचं कुलूप त्याने स्वतःच उघडलं, पाटीखाली स्टूल ठेवलं आणि बसला. गावाकडून ढोल ऐकू येत होता. दुपार कलली तरी तो जेवायलाही गेला नाही. थकवा पायांत नव्हता, आणखी कुठेतरी आत होता.

तेवढ्यात रस्त्यावर एक मोठी पांढरी गाडी हळू झाली. फाटकासमोर येऊन थांबली. इश्वर झटकन उठला, टोपी नीट केली, शर्ट खाली ओढला आणि ताठ उभा राहिला. काच खाली आली. आत नवे कपडे घातलेलं एक कुटुंब होतं, मागे लहान मुलं.

“काकाजी,” गाडी चालवणाऱ्याने विचारलं, “मंडई कुठं भरली आहे?”

इश्वरने हात लांब करून रस्ता दाखवला. गाडी गावाकडे वळली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभाच होता.