चतुर्दशीचं पान

पितृपक्ष तोंडावर आला तसे पद्मिनीबाईंचे पुण्याहून रोज फोन येऊ लागले. डॉक्टर शशिकांत गद्र्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकलं होतं आणि आता पहिल्यांदाच त्यांचं पान पितरांच्या पंगतीला मांडायचं होतं. एकुलती एक लेक ज्ञानदा आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला. तेव्हा विधी तिनंच करायचा आणि गुरुजींनी पुण्यातून व्हिडिओवर सांगायचं, असं ठरलं होतं.

“बाबांचं पंचमीला,” आई म्हणाली. “आणि तुझ्या पणजोबांचं चतुर्दशीला. ते आपल्या घरात कधी चुकलेलं नाही. तुमच्याकडे कावळे तरी येतात का गं?”

“कावळे रग्गड आहेत, आई. फक्त पावाला सोकावलेत.”

आई हसली. ज्ञानदाही हसली, आणि फोन ठेवल्यावर ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. बाबांचं पान पंचमीचं नव्हतं, हे पुण्यात कुणालाही ठाऊक नव्हतं.

ते गेले पंचमीलाच, एवढं खरं होतं. पण ज्याला शस्त्रानं, अपघातानं किंवा स्वतःच्या हातानं मरण येतं, त्याचं पितृपक्षातलं श्राद्ध त्याच्या तिथीला होत नाही. ते चतुर्दशीला होतं. आणि बाबांनी आपलं आयुष्य आपल्या हातानं संपवलं होतं. मागल्या वर्षीच्या मार्चमध्ये, इथं, तिच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते एकटेच आले होते. त्या दिवशी फोनवर ज्ञानदाच्या तोंडून ‘हार्ट अटॅक’ हा शब्द निघून गेला. एकदा म्हटल्यावर पुढं तेच म्हणत राहावं लागेल, एवढा विचार तेव्हा तिला सुचला नव्हता. शवविच्छेदन, पोलिसांचे प्रश्न, मग यंदा उन्हाळ्यात मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या कॉरोनरपुढची चौकशी, या सगळ्याला ती आणि तिचा नवरा रणजित, दोघंच सामोरी गेली. बाबांनी असं का केलं, हे त्या चौकशीतही कळलं नाही. त्यांनी मागे काही लिहून ठेवलं नव्हतं.

आता आईला खरं सांगायचं, की बाबांना कायमचं चुकीच्या दिवशी जेवू घालायचं, एवढाच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर द्यायच्या आधी तिला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोला जाऊन यायचं होतं.

त्याचं कारण पणजोबा. बाबा भूलतज्ज्ञ होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला होता: त्यांचे आजोबा, कॅप्टन दत्तात्रय गद्रे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या फौजेत डॉक्टर म्हणून ते मेसोपोटेमियाला, म्हणजे आताच्या इराकमध्ये गेले आणि परतलेच नाहीत. ते लढाईत पडले, असं घरात सांगितलं जायचं. म्हणून तर त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, चतुर्दशी लावून दिली होती. ज्ञानदा लहान असताना त्या दिवशीच्या खिरीला तिला जरा पराक्रमाची चव लागायची.

चौकशी संपल्यावर पोलिसांनी बाबांचा लॅपटॉप परत केला. तो उघडून ती रोज थोडं थोडं वाचू लागली. लष्करी दफ्तरात बाबांना आजोबांची नोंद सापडली होती: अमारा इथल्या इस्पितळात तापानं मृत्यू. ज्ञानदा त्या ओळीपाशी अडली. तापानं गेलेल्या माणसाचं श्राद्ध चतुर्दशीला कशाला? सरकार तरी खोटं बोलत होतं, नाहीतर गिरिजाबाई. तिला हा प्रश्न पडला, तर बाबांना पडला नसेल? फौजेतल्या डॉक्टरांच्या वंशजांचा एक गट इंटरनेटवर होता. तिथं त्यांना युजीन फीनी नावाचे गृहस्थ भेटले होते, स्लायगोचे निवृत्त शाळामास्तर. त्यांचे आजोबाही तेव्हा अमाराच्याच इस्पितळात डॉक्टर होते. फीनींना भेटायला बाबा स्लायगोला गेले, परत आले, नेहमीसारखे वागले, आणि दोन आठवड्यांच्या आत गेले.

तिथं ते असं काय ऐकून आले, हे तिला कळायला हवं होतं.

स्लायगोत फीनींचं घर तिथल्या हॉस्पिटलच्या टेकडीखाली होतं. ऐंशी उलटलेला उंच, वाकलेला माणूस. त्यांनी दारातच इथल्या रीतीप्रमाणे तिचा हात दोन्ही हातांत धरून दुःख झाल्याचं सांगितलं, मग आत नेऊन चहा केला.

“शशीला माझा चहा पसंत नव्हता,” ते म्हणाले. “याच किचनमध्ये उभं राहून मला म्हणाला, याला आमच्याकडे गरम पाणी म्हणतात. दुसरा कप त्यानं स्वतःच केला. घरात आलं नाही म्हणून चिडला होता.”

“ते सगळ्यांच्या घरी असंच करायचे.”

“ग्रँड माणूस.” फीनी कपात चमचा उगाच फिरवत राहिले. “तुझ्या नवऱ्याच्या मेलमध्ये ‘अचानक गेले’ एवढंच होतं. इकडे पेपरात ‘अचानक’ छापलं की लोक काय ते समजतात आणि पुढं विचारत नाहीत. मीही विचारणार नाही.”

“त्यांनी आत्महत्या केली,” ज्ञानदा म्हणाली. परक्या भाषेत आणि परक्या माणसापुढं ते वाक्य इतक्या सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

फीनींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, की दीड वर्ष त्यांना एकच भीती आहे. आपण त्या दिवशी जे सांगितलं त्यानं तर नाही ना काही झालं? आता तिनंही ऐकावं आणि काय ते ठरवावं.

त्यांच्या आजोबांनी ही हकीकत म्हातारपणी फक्त नातवाला सांगितली होती. युद्धावरून ते परतले तोवर आयर्लंड इंग्रजांविरुद्ध उठलेलं. ब्रिटिशांच्या फौजेत होतो, हे गावात बोलायची सोय राहिली नव्हती. गणवेश माळ्यावर गेला आणि तोंड मिटलं. चाळीस वर्षं ते गावातल्या पोरांची गालगुंडं तपासत राहिले.

अमाराला त्या उन्हाळ्यात नदीतून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, भरभरून जखमी येत. येईपर्यंत माणसं दिवसचे दिवस आपल्याच घाणीत पडलेली असत. जखमांत किडे झालेले. तंबू थोडे, डॉक्टर त्याहून थोडे. काठावर उभं राहून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला तिथंच उन्हात ठेवायचं, हे एकानं ठरवायचं असे. ते काम बहुतेक वेळा कॅप्टन गद्र्यांकडे येई, कारण त्यांना शिपायांची भाषा कळायची. ज्याला ते वगळत तो त्यांच्याशी मराठीत बोलायचा. दोन महिने त्यांनी ते केलं. मग एका सकाळी ते कामावर आले नाहीत. फीनींचे आजोबा त्यांच्या तंबूत गेले. पिस्तूल अंथरुणावरच पडलं होतं. वरच्या अधिकाऱ्यानं कागदावर ताप लिहिला, म्हणजे विधवेचं पेन्शन अडणार नाही.

“हे ऐकून बाबा काय म्हणाले?” ज्ञानदानं विचारलं.

“त्याला माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आधी त्यानंच मला सांगितलं. कुठल्यातरी दिवसाबद्दल बोलला, तुम्ही मेलेल्यांना जेवण देता त्या. गद्र्यांच्या हाताखालचा एक शिपाई युद्धानंतर पुण्याला जाऊन आजीला भेटला होता म्हणे. त्यानं तिला सांगितलं असणार. शशी म्हणाला, माझी आजी पोरांशी खोटं बोलली, सरकारशीही बोलली, पण मेलेल्या माणसाशी खोटं बोलली नाही. त्याचा दिवस तिनं त्याला बरोबर दिला.”

“मग ते तुमच्याकडे आले कशाला?”

“एकच गोष्ट विचारायला.” फीनी तिच्याकडे न बघता म्हणाले. “नंतर त्याच्याजवळ कोण होतं?”

त्याचं उत्तर फीनींकडे होतं. त्यांचे आजोबा होते. आयरिश माणूस मेलेल्याला एकटं सोडत नाही, त्याच्यापाशी कुणीतरी बसायचं असतं. त्यांना ठाऊक असलेला धर्म एवढाच. चितेला लाकूड मिळेना म्हणून औषधांच्या पेट्या फोडाव्या लागल्या. ते सगळं जमेपर्यंत दिवस मावळला. तोवर ते त्या उष्ण तंबूत माश्या वारत बसून होते. बाहेर पडाव येतच होते.

“शशीनं ते ऐकलं,” फीनी म्हणाले. “मग म्हणाला, बरं झालं. दोनदा म्हणाला. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलं. मी खूश होतो त्या संध्याकाळी.”

बाबा आजोबांबद्दल विचारत होते की स्वतःबद्दल, हे आता कधीच कळणार नव्हतं. निर्णय इथं येण्याआधी झाला होता, की इथून जाताना, तेही नाही. तिला दिसत होतं ते एवढंच, की बाबा गेले ते शुक्रवारी. शवविच्छेदन सोमवारी होणार होतं. मधले दोन दिवस शवागारात कुणाला थांबू देत नव्हते, आणि ती घरी येऊन झोपेची गोळी घेऊन झोपली होती. त्यांच्याजवळ कुणी नव्हतं.

हे ती फीनींना बोलली नाही. त्यांचा दोष नाही, एवढं मात्र दारात थांबून निक्षून सांगितलं. ते मान हलवत राहिले. पटलं की नाही, कोण जाणे.

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. पाऊस बारीक होता, फलाटावर दोन-चारच माणसं. गिरिजाबाईंची पोरं तेव्हा लहान होती, त्यांना झाकून सांगणं भाग होतं. पद्मिनीबाई काही लहान पोर नव्हत्या. ज्ञानदानं फोन लावला.

“आई, बाबांचं पंचमीला नको. चतुर्दशीला करू या. पणजोबांबरोबर.”

“चतुर्दशीला का?”

ज्ञानदानं सांगितलं. मध्ये न थांबता, शब्द न बदलता, जसं चौकशीत सांगितलं होतं तसं. पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि रणजितला?”

“त्यालाही.”

“म्हणजे जावयाला माहीत, आणि मला नाही.” आईचा आवाज चढला नव्हता. “दीड वर्ष मी सोसायटीभर हार्ट अटॅक सांगत फिरले. मामाच्या शर्वाणीच्या लग्नात बायकांना सांगत होते, नवऱ्याचं बीपी बघत जा, आमच्याकडे दुर्लक्ष झालं. तू शेजारी उभी होतीस, ज्ञानू. पापड खात होतीस.”

“हो.”

फोन बंद झाला.

गाडी आली. ज्ञानदा खिडकीपाशी बसली. कुरणं, ओल्या मेंढ्या, कुठंतरी एखादं घर. तिनं दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. लॉंगफर्ड स्टेशन मागे पडल्यावर तो वाजला. आईचा घसा बसला होता.

“गुरुजींना कारण सांगावं लागेल. ते मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस.”

“बरं.”

“लोकांनाही मीच सांगेन. कुणाला सांगायचं ते माझं मी ठरवेन. आणि माझा तुझ्यावर राग आहे. तो जाईल की नाही, मला माहीत नाही.”

“हो, आई.”

रुळांचा आवाज पुण्यापर्यंत जात असावा, कारण गाडीत आहेस का, असं आईनं विचारलं. मग म्हणाली, “त्या दिवशी जेवले होते का?”

“वरण-भात. दोनदा घेतला. वर लोणचं मागून घेतलं.”

“कुठलं?”

“तू त्यांच्याबरोबर दिलेलं. लिंबाचं.”

“सकाळपासून सांग,” आई म्हणाली. “उठले कधी तिथपासून. काही गाळू नकोस.”

ज्ञानदानं सकाळपासून सांगायला घेतलं.