शेंडा चाखायचा, डोकं लावायचं

माझे सासरे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांना ‘गोड खाऊ नका’ म्हणून दटावलं, आणि आता डॉक्टर तेच त्यांना दटावतात. त्यामुळे आमच्या घरातली साखर कुलपात असते. माझं काम जांभळ्या गाजराचं नवं वाण तयार करणं. तो रंग तब्येतीला किती चांगला, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की बाबा त्याला ‘तुझी शाई’ म्हणतात आणि वाटी लांब सरकवतात.

खरं तर त्यांचं चुकत नव्हतं. रंग गडद आला की चव कडवट, चव गोड आली की रंग फिका. आमच्या कामात गाजराच्या खालच्या निमुळत्या शेंड्याचा तुकडा कापून चाखायचा आणि पसंत पडलं तर वरचं, पानांकडचं डोकं पुन्हा मातीत लावायचं. त्याला फुलं येतात, मग बी. वर्षानुवर्षं शेंडे चाखून माझं तोंड वाकडं झालं होतं. यंदा एक गाजर निघालं, आतबाहेर जांभळं आणि चक्क गोड. एकच! लावण्याआधी त्याला काही आठवडे थंडीत ठेवावं लागतं आणि नेमकं तेव्हाच ऑफिसचं शीतगृह बंद पडलं. मी ते ओल्या भुशात गुंडाळून घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि साहेबांना फोनवर ओरडून सांगितलं, “साखर आहे हो, साखर!” भिंतीलाही कान असतात, हे विसरले.

लावायच्या दिवशी फ्रिज उघडला, तर नुसता भुसा.

“बाबा, फ्रिजमधलं गाजर पाहिलंत?”

पेपरामागून मान हलली. नाही. एरवी प्रत्येक बातमीवर भाषण ठोकणारा माणूस मिठाची गुळणी धरून बसला होता.

“बाबा, आ करा.”

जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगितलेलं. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं. जीभ जांभळी. कवळीसुद्धा जांभळी.

“अहो, एकच होतं ते!” मला रडूच फुटलं.

“इतकी वर्षं खा खा म्हणून मागे लागलीस. खाल्लं, तर रडतेस!” मग माझ्याकडे बघून त्यांनी पेपर खाली ठेवला. “सगळं नाही गं खाल्लं. डोकं कोण खातं? कापून टाकलं.”

मी कचऱ्याची बादली स्वयंपाकघरात उपडी केली. चहाचा चोथा, बटाट्याची सालं, आणि तळाशी बोटभर तुकडा, वर कोवळा कोंब. मी तो छातीशी धरला.

“बघ, किती सफाईनं कापलंय,” बाबा मागून म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्यानं कुंडी आणायला गेले.

मग रोज सकाळी पाणी घालून ‘पेशंट’ची तब्येत तेच बघायचे. फुलं आली, बी धरलं, आणि त्या बियांच्या गाजरांत बरीचशी जांभळी आणि गोड निघाली. माझी मेहनत मातीत जाता जाता मातीतूनच वर आली.

आता डोकी ऑफिसच्या शीतगृहात असतात आणि चाखून उरलेले शेंडे मी घरी आणते. “शाई कोण खाणार!” म्हणून बाबा अजून वाटी सरकवतात. संध्याकाळी वाटी रिकामी असते आणि बाबा ओठ घट्ट मिटून पेपर वाचत असतात. मी काही विचारत नाही. शेंडे कापताना सुरी मात्र हल्ली जरा वरूनच चालवते.