ल्यू-सानची दुपार

दुपार कलू लागली की समोरच्या गल्लीतून कोबी चिरल्याचा आवाज यायचा. उथळ पाण्यावरून घोडा दुडक्या चालीने जावा तसा ओला, भरीव आणि एकाच लयीतला. ओसाकातलं शरदातलं ऊन त्या वेळी तिरपं होऊन खिडकीच्या काचेवर साचलेल्या वाफेला सोनेरी करायचं आणि त्या सोनेरी धुक्याआड रुंद खांद्यांची, किंचित वाकलेली एक आकृती हलत राहायची. ते ल्यू-सान; जपानीत नावापुढे आदराने ‘सान’ लावतात. चीनच्या उत्तरेकडच्या एका बंदरगावाहून आलेले आचारी. आमच्या इमारतीसमोर त्यांचं खाणावळीएवढंच लहानसं हॉटेल होतं.

मी समीरबरोबर पुण्याहून आले, ती वर्षं संगणकवाल्यांची होती. समीरच्या कंपनीतली अर्धी माणसं जपानला निघाली होती. तो सकाळी जायचा आणि दिवस मावळल्यानंतर बऱ्याच वेळाने, चेहऱ्यावर संगणकाच्या पडद्याचा निळसर उजेड तसाच चिकटलेला घेऊन, घरी यायचा. मधला सगळा दिवस माझा होता आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. म्हणून मी खिडकीत उभी राहायचे.

जेवणाऱ्यांची वर्दळ ओसरली की ल्यू-सान हॉटेल उघडं असल्याची खूण म्हणून दारावर टांगलेला पडदा काढून आत ठेवायचे आणि संध्याकाळपर्यंतचा तो मोकळा वेळ त्यांच्या घराचा व्हायचा. लाँड्रीतलं काम आटोपून त्यांची बायको मेइ सायकलवरून यायची. शाळा सुटून मुलगी लान यायची. तिघं काचेजवळच्या टेबलाशी बसायची. ल्यू-सान मेइच्या वाडग्यात स्वतःच्या चॉपस्टिक्सनी एकेक घास ठेवायचे, मासा असला तर काटे काढून. ती खाऊ लागली की हाताची घडी घालून तिच्याकडे बघत बसायचे, जणू दिवसभरात आत्ता कुठे त्यांना उसंत मिळाली होती. त्या बघण्यात घाई नसायची, मागणी नसायची. मी माझ्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे, पण थोडी फट ठेवून.

हेवा असा असतो हे मला आधी ठाऊक नव्हतं. मला ते हॉटेल नको होतं, तो वाडगा नको होता, ल्यू-सान तर नकोच होते. मला हवं होतं ते फक्त कोणीतरी आपल्याला खाताना बघणं. मेइच्या साध्या, थकलेल्या, घामेजल्या चेहऱ्यावर त्या नजरेचं जे ऊन पडायचं, त्याची मी मनातल्या मनात धनीण व्हायचे आणि मग तिचाच राग यायचा.

वॉर्डाच्या सभागृहात जपानीचे मोफत वर्ग भरायचे, तिथे मेइ आणि मी शेजारी बसायचो. मोडक्यातोडक्या जपानीत आमची मैत्री झाली. तिच्यामुळे मी हॉटेलात जाऊ लागले. मी मांस खात नाही हे कळल्यावर ल्यू-सान माझ्यासाठी बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून, लसणाच्या रसात परतून देऊ लागले. वांगं खाताना डोळे भरून यायचे. मेइ हसून म्हणायची, "तिखट लागलं?" मी म्हणायचे, "हो."

त्या हिवाळ्यात मेइच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. ल्यू-सानांनी भर गर्दीच्या वेळी हॉटेल बंद ठेवायला सुरुवात केली. रोज दुपारी पातेल्यात तांदळाची पेज शिजायची. तो डबा टॉवेलात गुंडाळून, जॅकेटच्या आत छातीशी धरून, ते एका हाताने सायकल चालवत इस्पितळात जायचे. गल्लीतून बोचरा वारा वाहत असायचा आणि त्या वाऱ्यात त्यांचं पुढे आलेलं पोट बघून मला हसू यायचं, पण ते वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीतून हलायचे नाही.

त्याच आठवड्यात मला ताप भरला. समीरच्या कामाचा मोठा टप्पा आला होता. त्याने कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, पावाचं पाकीट आणि रसाची बाटली आणून उशाशी ठेवली. "बरं वाटेना तर फोन कर हं," म्हणाला आणि बूट घालून गेलाही. तो वाईट नव्हता. त्याने पावसुद्धा मला आवडतो तो, रताळ्याचा, आणला होता. तरी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुपारी बेल वाजली. दारात लान होती, हातात झाकलेला डबा; समीरने जाताना माझ्या तापाचं त्यांना सांगितलं असावं. "बाबांनी आईसाठी केली, त्यातली," ती जपानीत म्हणाली, वाकली आणि धावत खाली गेली. पेज गरम होती, आल्याचा वास येत होता. मी पहिला घास घेतला आणि रडू फुटलं. कृतज्ञतेने नव्हे. ती पेज माझ्यासाठी शिजली नव्हती, हे प्रत्येक घासाला जाणवत होतं. दुसरीच्या नावाने पेटलेल्या चुलीची ऊब माझ्या वाट्याला आली होती आणि तीही मी चाटूनपुसून संपवली.

वसंतात मेइ हिंडूफिरू लागली. एकदा वर्गानंतर आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. ल्यू-सानांनी तिच्यासोबत डबा दिला होता. तिने तो उघडला, बघितलं आणि झाकण पुन्हा लावलं.

मला राहवलं नाही. म्हणाले, "तुम्ही नशीबवान आहात, मेइ-सान. मला तुमचा फार हेवा वाटतो."

तिने डबा मांडीवर ठेवला.

"लान पोटात होती तेव्हा तो इकडे आला," ती म्हणाली. "आम्हाला आणलं तेव्हा ती शाळेत जाण्याएवढी झाली होती. विमानतळावर तिने त्याला काका म्हणून हाक मारली. तेव्हापासून तो असा वाढतो. आजचं वाढतो आणि त्या वर्षांचंही वाढतो. माझ्याच्याने इतकं खाववत नाही हो."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं तर थांबेल. मग बिचारा करेल काय?"

तिने डबा पुन्हा उघडला आणि सावकाश खाऊ लागली.

त्या रविवारी मी समीरला म्हणाले, "थोडा लवकर येत जा ना." तो जोडे पुसत होता. मान वर न करता प्रेमाने म्हणाला, "अगं, थोडी वर्षं काढू अशी. नंतर आहेच की सगळं आयुष्य." एकाच छपराखाली राहूनही तो समुद्रापलीकडे होता, आणि ते त्याला सांगायला माझ्याजवळ एकही जपानी किंवा मराठी शब्द नव्हता.

पुढे लानच्या शाळेसाठी ती तिघं नागोयाला गेली. हॉटेलच्या जागी केशकर्तनालय आलं. आम्हीही काही वर्षांनी पुण्याला परतलो. आता समीर दिवेलागणीच्या आत घरी असतो. समोर बसतो, भाजी चांगली झालीय म्हणतो, आणि ते खरंच असतं. पण मधल्या वर्षांत काही हरवलं होतं, याची चाहूलही त्याच्या चेहऱ्यावर कधी उमटत नाही.

म्हणून मेइचा हेवा अजून गेलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. तिच्या वाडग्यात पडणाऱ्या घासांचा तो आता उरला नाही. आपण कोणत्या वर्षांत तिच्याजवळ नव्हतो हे ज्याला ठाऊक होतं, असा माणूस तिच्यासमोर बसत होता, त्याचा आहे. माणूस परत येतो, पण त्याच्यावाचून गेलेला काळ त्याच्यावाचूनच राहतो, आणि त्या रिकाम्या वर्षांची आठवण दोघांपैकी एकालाच असली, की ती जन्मभर एकट्यानेच सांभाळावी लागते.