रेंज येईपर्यंत

टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. तिथे मोबाइलची रेंज यायची नाही. म्हणून बचत गटाची सारिका बँकेचं अंगठ्याचं मशीन घेऊन दर सोमवारी, जिथे रेंज मिळायची त्या वरच्या माळावर, मोहाच्या झाडाखाली बसायची. पेन्शन काढायला म्हाताऱ्याकोताऱ्या तिथवर चढत. तरी कुणाची कुरकुर नव्हती. आधी टोकावड्याच्या बँकेत जाण्यात अख्खा दिवस मोडायचा, आणि कधी 'आज लिंक नाय' एवढंच ऐकून परतावं लागायचं.

त्या सोमवारी बाईजा धापा टाकत वर पोचली, तर झाडाखाली सकुबाई बसलेली. बाईजाचे पाय जागीच अडले. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. पण मागे बाईजाच्या शेळ्यांनी सकुबाईचा वाल खाल्ला, त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. नंतर बाईजाने शेळ्या विकल्या, अबोला मात्र तसाच राहिला.

"बस गो आजी," सारिका म्हणाली. "रेंज गेलीय. मी जरा कड्याकडं बघून येते."

सावली बेताचीच होती. बाईजा सकुबाईकडे पाठ करून टेकली. खालच्या खळ्यात कुणी भात झोडत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

बऱ्याच वेळाने सकुबाई म्हणाली, "गुडघा कसा हाय?"

बाईजाने पाठ न वळवताच गुडघा चोळला. मग म्हणाली, "चढताना दुखतो. तुला कोनी सांगितला?"

"सांगाला कशाला पायजे? भिंतीपल्याड कण्हतेस ती आयकू येते."

बाईजाने पदर तोंडावर घेतला, पण हसू काही लपलं नाही.

सारिका परतली तेव्हा दोघी समोरासमोर बसून बोलत होत्या. रेंज आली होती. सकुबाईने अंगठा लावला, पण मशीन तो घेईना. दुसरं बोट लावलं, तेही घेईना. जन्मभर माती उपसून बोटं पार गुळगुळीत झालेली.

"पुढच्या सोमवारी बघू या का?" सारिका म्हणाली.

सकुबाईचा चेहरा उतरला. बाईजा गुडघ्यावर हात देत उठली. तिने बाटलीतलं पाणी सकुबाईच्या हातावर ओतलं, बोटं चोळचोळून धुतली आणि स्वतःच्या पदराने कोरडी केली.

"आता लाव," ती म्हणाली.

या खेपेला मशीनने अंगठा घेतला. मागोमाग बाईजाचेही पैसे निघाले.

उतरताना सकुबाईने बाईजाचा दंड धरला. "म्हसाच्या जत्रंला येशील माझ्यासंगती?"

"येईन. तू नसलीस का मला भाव करता येत नाय."

पुढे पाड्यात टॉवर उभा राहिला आणि सारिका घरच्या ओटीवरूनच पैसे देऊ लागली. त्याआधीच, पौषात, दोघी एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून म्हसाला जाऊन आल्या. बाईजाने स्वतःसाठी घोंगडी घेतली. भाव सकुबाईने पाडून दिला, आणि वाटभर ती तेच सांगत राहिली.